हळदीचा कागद

अगं, काल फोनवर तुझा आवाज ऐकला आणि राहवेना, म्हणून लिहितेय. आठवीची बेचाळीस पोरं, खिचडीनंतरची तासिका आणि 'आम्ल, आम्लारी ओळख'. कुणीच ऐकत नाही म्हणून रडू आलं म्हणालीस. रडलीस ते बरं झालं. आता डोळे पूस आणि ऐक.

खरं सांगू का, लोणार तालुक्यातल्या माझ्या पहिल्या वर्षी मी हाच धडा टेबलावर छडी आपटत उतरवून दिला होता. वर्ग चिडीचूप. चाचणीत मात्र निम्म्या वह्या कोऱ्या. ती शांतता मला अजून टोचते. चुळबुळीला घाबरू नकोस, बघ. पोरांचे हात रिकामे आहेत, एवढंच तिचं म्हणणं असतं.

तू आज रात्री दोन चमचे हळद पाण्यात कालव, जुन्या ड्रॉइंगच्या कागदावर फास, वाळव आणि पट्ट्या काप. वर्गात सहा-सहाचे सात गट कर. प्रत्येक गटाला वाट्या दे: साबणाचं पाणी, पापडखाराचं पाणी, लिंबू, चिंचेचा कोळ. पट्टी बुडवायच्या आधी प्रत्येकाने अंदाज वहीत लिहायचा. हे मात्र सोडू नकोस हं! अंदाज लिहिला की पोरगं त्यात अडकतं. आपलं खरं होतं का ते बघायला मान पुढे काढतं. नुसती गंमत दाखवलीस, तर पाच मिनिटांत पुन्हा गोंधळ.

पापडखारात पिवळी पट्टी लालभडक झाली, तेव्हा माझ्या मागच्या बाकावरचा एकजण ओरडला, "मॅडम, लाल झालं न बाप्पा!" वर्षभरात तो पहिल्यांदा धड्याबद्दल बोलला होता. त्याच पट्टीवर लिंबू पिळलं, तर ती पुन्हा पिवळी. मग मी विचारलं, आपल्या लोणारच्या तळ्यात बुडवली तर? तळ्याचं पाणी खारट आणि चांगलंच आम्लारीधर्मी. पूर्वी तिथला खार गोळा करून विकत असत. 2020 च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं होतं, ते खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. बुलढाण्याच्या पोरांना यापेक्षा जवळचं उदाहरण कुठलं देणार गं? पाणी आणायला मात्र कुणाला धाडू नकोस, ते अभयारण्य आहे.

गलका होणारच. तू टाळीचा एक ठेका ठरव. तो पोरांनी परत वाजवला की सगळ्यांचे हात खाली. सर्वात वळवळ्या मुलाकडे पट्ट्या वाटायचं काम दे. अभ्यासक्रम मागे पडेल ही काळजी मलाही होती, पण एक तास जास्त गेला आणि उजळणीचे दोन वाचले. केंद्रप्रमुख आले तर त्यांच्याही हातात पट्टी दे.

जाताना घरचा अभ्यास म्हणून विचार, हळदीत चुना कालवला तर काय होईल? माझ्या वर्गातली एक अबोल मुलगी दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधीच दारात उभी होती. आजीला विचारून आली होती. म्हणाली, "मॅडम, कुंकू!"