पाठीवरचा श्वास

जमिनीवर वावरणाऱ्या मनुष्यास हवेची आठवण सहसा होत नाही. ती सर्वत्र असते व विनामूल्य मिळते. म्हणून तिचे मोल कळत नाही. पाण्यात बुडी मारताच मात्र ते कळते. चांगला पोहणाराही एका दमात मिनिट-दोन मिनिटांहून अधिक काळ पाण्याखाली क्वचितच राहू शकतो. समुद्रातून मोत्यांचे शिंपले काढणारे पाणबुडे शतकानुशतके असेच दम धरून तळाशी जात आणि छाती कोंडू लागली की वर येत. समुद्राच्या पोटात काय आहे, हे निवांतपणे पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही.

ही अडचण दूर करणारे एक साधन १९४३ साली फ्रान्समध्ये तयार झाले. त्या वेळी दुसरे महायुद्ध चालू होते आणि पेट्रोलची टंचाई होती. मोटारी पेट्रोलऐवजी वायूवर चालाव्यात म्हणून एमिल गान्यां या अभियंत्याने एक झडप बनवली होती. नौदलातील अधिकारी झाक कूस्तो यांच्या सहकार्याने त्याने तीच झडप सुधारली व ती पाणबुड्याच्या उपयोगी आणली. पाणबुड्या श्वास आत घेतो तेवढ्यापुरतीच ही झडप उघडते आणि पाठीवरच्या टाकीतील हवा त्याला योग्य दाबाने पुरवते. पुढे हे साधन जगभर ‘स्कूबा’ या नावाने प्रसिद्ध झाले.

या टाकीत निव्वळ प्राणवायू असतो, असा अनेकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. तिच्यात बहुधा आपण नेहमी घेतो तीच हवा असते. केवळ ती गाळून, कोरडी करून व दाबून भरलेली असते. निव्वळ प्राणवायू काही मीटर खोलीनंतर मनुष्यास विषासारखा बाधतो.

ती हवा किती दाबलेली असते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. १९५० नंतरच्या काळात अमेरिकेत पोलादाच्या एका ठरावीक मापाच्या टाक्या फार मोठ्या संख्येने वापरात आल्या. ही टाकी सुमारे ६४ सेंटिमीटर उंच व १७ सेंटिमीटर व्यासाची असते. तिच्यात पाणी भरले तर ते सुमारे १२ लिटर मावते; परंतु हवा मात्र सुमारे २००० लिटर कोंबलेली असते. अशा भरलेल्या टाकीच्या आतील प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर, सुमारे १७४ किलोग्रॅम वजनाइतका दाब पडतो. हा दाब ज्या भिंतीने सोसायचा, तिची जाडी अवघी सुमारे ४ मिलिमीटर असते.

ही हवा पुरते किती वेळ? पाण्याच्या पृष्ठभागावर पाणबुड्यास मिनिटाला २० लिटर हवा लागते असे धरले, तर २००० लिटर हवा १०० मिनिटे पुरेल. परंतु दर १० मीटर खोलीस पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो. त्यामुळे १० मीटर खाली तीच हवा ५० मिनिटे पुरते आणि ३० मीटर खाली केवळ २५ मिनिटे. शिवाय शहाणा पाणबुड्या टाकी रिकामी होण्याची वाट पाहत नाही. थोडी हवा शिल्लक असतानाच तो वर येतो.

टाकी पोलादाची आहे की ॲल्युमिनियमची, हे ओळखणे सोपे आहे. पोलादास लोहचुंबक चिकटतो, ॲल्युमिनियमला चिकटत नाही. पोलादी टाकीचा तळ बहुधा गोलाकार असतो. म्हणून तिला उभे राहण्यासाठी रबराचे वा प्लॅस्टिकचे बूड बसवतात. ॲल्युमिनियमच्या टाकीचा तळ सपाट असतो.

याहून अधिक माहिती टाकीच्या खांद्यावर असते. मान जेथे रुंद होऊ लागते, तेथे धातूमध्ये अक्षरे व अंक ठोकलेले असतात. ती टाकीची जणू जन्मपत्रिकाच होय. जुन्या अमेरिकन टाक्यांवर प्रथम ‘आयसीसी’ ही अक्षरे दिसतात. १९६७ साली तेथे स्वतंत्र परिवहन विभाग सुरू झाला. त्यामुळे पुढील टाक्यांवर ‘डीओटी’ ही अक्षरे आली. त्यानंतरची ‘३एए’ ही खूण टाकी विशिष्ट मिश्र पोलादाची असल्याचे सांगते. तिच्यापुढे ‘२२५०’ हा आकडा असेल, तर एका चौरस इंचावर २२५० पौंड हा तिचा ठरवून दिलेला दाब होय. पुढे टाकीचा क्रमांक, बनवणाऱ्याची खूण आणि पहिल्या चाचणीचा महिना व वर्ष असते. चाचणीच्या तारखेपुढे अधिक चिन्ह असेल, तर ती टाकी ठरलेल्या दाबापेक्षा एकदशांश अधिक, म्हणजे २४७५ पौंडांपर्यंत, भरता येते. पुढे प्रत्येक चाचणी उत्तीर्ण होताच नवी तारीख ठोकली जाते. ज्या टाकीच्या तारखेची मुदत उलटली आहे, ती जाणकार मनुष्य भरत नाही.

ही चाचणी अमेरिकेत दर पाच वर्षांनी घ्यावी लागते आणि ती हवेने नव्हे, पाण्याने घेतात. यामागे सुज्ञ विचार आहे. दाबलेली हवा ताणलेल्या स्प्रिंगसारखी असते. टाकी फुटलीच, तर ती तोफेच्या गोळ्याप्रमाणे अनर्थ करील. पाणी मात्र दाबले तरी फारसे आकसत नाही. म्हणून टाकी फुटली तरी तिचा जोर तत्काळ ओसरतो.

प्रथम टाकी पाण्याने भरतात व पाण्याने भरलेल्या दुसऱ्या मोठ्या पात्रात बंद करतात. मग टाकीतील पाण्याचा दाब ठरलेल्या दाबाच्या पाच-तृतीयांशापर्यंत, म्हणजे २२५० पौंडांच्या टाकीसाठी ३७५० पौंडांपर्यंत, वाढवतात. दाबामुळे पोलाद किंचित फुगते. ते जितके फुगते, तितके बाहेरच्या पात्रातील पाणी एका मोजनळीत चढते. दाब काढला की टाकी आकसते व नळीतील पाणी खाली उतरते. वेताची छडी थोडी वाकवून सोडली तर सरळ होते. परंतु तिच्यातील लवचीकपणा नाहीसा झाला, तर तिला कायमचा बाक राहतो. पोलादाचेही तसेच आहे. समजा, टाकी एकंदर १५० घन सेंटिमीटर फुगली; तर दाब काढल्यावर राहिलेला फुगवटा त्याच्या एकदशांशाहून, म्हणजे १५ घन सेंटिमीटरहून, अधिक असता कामा नये. अधिक असल्यास टाकी बाद ठरते. मग ती बाहेरून कितीही चकचकीत असो, तिला पुन्हा पाण्यात नेत नाहीत.

पोलादाचा मोठा शत्रू गंज. तो टाकीत शिरतो पाण्याच्या थेंबांबरोबर. पाण्याखाली टाकी पुरती रिकामी केली, किंवा भरण्यापूर्वी झडपेच्या तोंडातील थेंब झटकले नाहीत, तर ओलावा आत जातो. समुद्राचे खारे पाणी असेल तर गंज अधिकच झपाट्याने चढतो. हा गंज पोलाद पोखरून भिंतीत खड्डे पाडतो, हे तर झालेच. परंतु त्याचा दुसरा अपराध याहून भयंकर आहे. लोखंड, ओलावा व प्राणवायू यांच्या संयोगाने गंज बनतो. म्हणजे बंद टाकीत गंज वाढतो, तो आतील प्राणवायू खाऊनच. दाबमापकाचा काटा ‘टाकी भरलेली आहे’ असेच सांगतो. प्राणवायू कमी झाला तरी हवेचा वास बदलत नाही, श्वासही कोंडत नाही. अशी हवा घेणारा पाणबुड्या काहीही पूर्वसूचना न मिळता बेशुद्ध पडू शकतो; आणि पाण्याखाली बेशुद्धी म्हणजे बहुधा मृत्यूच.

यासाठी जाणते पाणबुडे दर पाच वर्षांच्या चाचणीवर विसंबून राहत नाहीत. वर्षातून एकदा तरी ते टाकीच्या आतील बाजूची तपासणी करून घेतात. तपासनीस प्रथम टाकीतील हवा हळूहळू सोडून देतो, मग झडप काढतो व आत लहानसा दिवा सोडून भिंती, तळ आणि मानेतील आटे बारकाईने न्याहाळतो. वरवरचा गंज असेल, तर टाकीत खरखरीत खडे घालून ती यंत्रावर फिरवतात. गंज घासून निघतो. नंतर टाकी धुऊन ताबडतोब कोरडी करतात. खड्डे खोल असतील, तर मात्र टाकी बाद करण्यावाचून गत्यंतर नसते.

रोजची निगा याहून सोपी आहे. समुद्रातून वर येताच टाकी गोड्या पाण्याने धुवावी. तळाचे बूड मधूनमधून काढून तेथे साठलेले मीठ काढून टाकावे. टाकी कधीही पूर्ण रिकामी करू नये. थोडा दाब शिल्लक असला म्हणजे दमट हवा आत शिरत नाही. ती उभी, कोरड्या व थंड जागी ठेवावी. रंग पक्का बसावा म्हणून ती भट्टीत तापवू नये. अतिउष्णतेने पोलादाचे बळ घटते. एवढी काळजी घेतल्यास पोलादी टाकी दीर्घायुषी ठरते. पन्नास वर्षांपूर्वीच्या कित्येक टाक्या चाचणीस उतरून आजही वापरात आहेत. याउलट, निष्काळजी मालकाची नवी टाकी थोड्या महिन्यांतही निकामी होऊ शकते.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवण-तारकर्लीच्या समुद्रात आज पुष्कळ पर्यटक हवेची टाकी पाठीस बांधून प्रवाळ व मासे पाहण्यास उतरतात. भारतात वायूच्या टाक्यांसाठी केंद्र सरकारचे २०१६ चे नियम आहेत. ते अमलात आणणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूरला आहे. आपल्या स्वयंपाकघरातील गॅसच्या सिलिंडरवरही असाच संकेत असतो. त्याच्या मानेभोवतीच्या एका पट्टीवर ए, बी, सी, डी यांपैकी एक इंग्रजी अक्षर व वर्षाचे दोन अंक लिहिलेले असतात. ए म्हणजे मार्चअखेर, बी म्हणजे जूनअखेर, सी म्हणजे सप्टेंबरअखेर व डी म्हणजे डिसेंबरअखेर. पुढील चाचणी केव्हापर्यंत व्हावयास हवी, ते यावरून कळते.

पाणबुड्या समुद्रात एकटा दिसतो; वस्तुतः तो एकटा नसतो. टाकी घडवणारा कारागीर, तिच्यात डोकावणारा तपासनीस आणि तिच्यात स्वच्छ हवा भरणारा कामगार हे सर्व त्याच्या पाठीशी असतात. त्यांची नावे त्यास ठाऊक नसतात. त्यांच्यातील एकाने जरी ‘एवढ्याने काय होते?’ असे म्हणून डोळेझाक केली, तरी त्या चुकीची किंमत दुसऱ्या कोणास तरी प्राणांनी द्यावी लागेल. टाकीच्या खांद्यावरची ती छोटीशी तारीख म्हणजे एका अनोळखी माणसाने दुसऱ्या अनोळखी माणसास दिलेला शब्द होय. शब्द देणाऱ्याने तो पाळावा आणि घेणाऱ्याने तो वाचल्यावाचून पाण्यात उतरू नये.

स्वाध्याय

१. टाकीत निव्वळ प्राणवायू का भरत नाहीत?
२. टाकीच्या खांद्यावरील ठशांना ‘जन्मपत्रिका’ का म्हटले आहे?
३. टाकीची चाचणी हवेऐवजी पाण्याने घेण्याचे कारण सांगा.
४. गंजाचे दोन अपराध कोणते? त्यांपैकी कोणता अधिक भयंकर, व का?
५. २००० लिटर हवा २० मीटर खोलीवर किती मिनिटे पुरेल, याचे गणित करा.
६. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : डोळेझाक करणे, विसंबून राहणे, गत्यंतर नसणे.
७. घरातील गॅसच्या सिलिंडरवरील संकेत वडीलधाऱ्यांच्या मदतीने वाचा व त्याची पुढील चाचणी केव्हापर्यंत व्हावयास हवी, ते लिहा.