सुई बदलत जा, पोरी

शेळ्या पाळायचं ठरवलंस, बरं केलंस पोरी. मग एक गोष्ट पक्की धर: एका सुईनं दोन जनावरं टोचायची नाहीत. लशीच्या दिवशी टोचणाऱ्याला घाई असते, तिथंच घात होतो. आदल्या दिवशी पनवेलात जा आणि जेवढ्या शेळ्या तेवढ्या सुया आणून ठेव.

मायकोप्लाझ्मा ओव्हिस नावाचा एक जिवाणू आहे. १९३४ साली दक्षिण आफ्रिकेतल्या मेंढ्यांत तो पहिल्यांदा नोंदला गेला. शेळ्या-मेंढ्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना तो बाहेरून चिकटतो. तशा पेशी शरीर स्वतःच मोडीत काढतं आणि जनावर पांढरं पडतं. सुईला, बिल्ला मारायच्या पकडीला, कातरीला लागलेलं जरासं रक्त त्याला पुरतं. आपल्या पावसाळ्यात डास, चावऱ्या माशा, गोचीड आहेतच. त्यांना आवरणं अवघड, सुई मात्र तुझ्या हातात आहे. हत्यारावरचं रक्त आधी धुऊन काढ, मगच जंतुनाशकात बुडव.

चरायला नेताना सारखं मागं पडणारं करडू हेरून ठेव. त्याची खालची पापणी ओढून बघ, लालसर हवी. पांढरीफटक दिसली की लोक जंताचं औषध पाजतात. पावसाळ्यात बहुतेकदा जंतच असतात, जबड्याखाली पाणीही उतरतं. पण औषधानंतरही पापणी फिकीच राहिली किंवा पिवळी पडली, तर रक्त तपासून घे. कानाच्या ताज्या रक्ताची काच गोठ्यातच करून घ्या, असं डॉक्टरांना सांग. नळीत रक्त पडून राहिलं की जिवाणू पेशींवरून सुटतात, मग सापडणं कठीण.

पेनिसिलिनवर पैसे घालवू नकोस. ते जिवाणूच्या पेशीभित्तीवर घाव घालतं, आणि याला ती भिंतच नाही. ऑक्सिटेट्रासायक्लिन लागू पडतं. मात्रा डॉक्टरच ठरवतील. दूध, मटण किती दिवस वापरायचं नाही तेही विचार. बकरी ईदच्या तोंडावर बोकड विकताना हे हमखास राहून जातं, आणि खाणाऱ्याच्या पोटात औषध जातं.

आजारी करडाला पळवू नकोस, टेम्पोत घालून बाजारात तर मुळीच नेऊ नकोस. रक्त कमी असताना दमलं की उभ्या जागी कोसळतं. पाला-पाणी जागेवर दे. बरं झालं तरी जिवाणू अंगात दडून राहू शकतो, म्हणून त्याच्या गळ्यात खुणेची दोरी बांध आणि टोचायला त्याला सगळ्यात शेवटी घे.