बदकांना साद: नवशिक्याचे पहिले धडे

अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात हिवाळा सुरू झाला की उत्तरेकडून मॅलार्ड जातीच्या रानबदकांचे थवे उतरू लागतात. आर्कान्सा राज्यातील स्टटगार्ट गावाच्या आसपास भातशेती विपुल आहे. कापणीनंतर शेतात उरलेले दाणे बदकांना तेथे ओढून आणतात. पूर्वी शिकारी पाळीव बदके पाण्यात बांधून ठेवीत व त्यांच्या ओरडण्याने रानबदकांना भुलवीत. १९३५ साली या प्रथेस कायद्याने बंदी झाली. बदकांना साद घालण्याची प्रसिद्ध स्पर्धा स्टटगार्ट येथे सुरू झाली ती १९३६ साली. जिवंत बदकाचे काम आता शिटीला करावयाचे होते.

ही शिटी दिसावयास साधी असते. लाकडी अथवा प्लॅस्टिकच्या नळीत एक खुंटी बसविलेली असते. खुंटीवरील खोलगट भागावर एक पातळ पत्ती पाचरीने घट्ट धरलेली असते. श्वासाच्या झोताने ती थरथरते व स्वर निघतो. एका पत्तीच्या शिटीत स्वरांचा पल्ला मोठा असतो, परंतु ती ताब्यात ठेवणे कठीण असते. म्हणून नवशिक्याने दोन पत्त्यांची शिटी घेणे इष्ट.

पहिला धडा श्वासाचा होय. फुगा फुगवावा तसे गाल फुगवून फुंकल्यास नुसती किंचाळी निघते. आरशावर वाफ धरण्यासाठी आपण जसा ऊन श्वास सोडतो, तसा तो पोटातून यावयास हवा. पोटावर हात ठेवावा. श्वास सोडताना पोट आत जात असेल तर पद्धत बरोबर आहे असे समजावे. प्रत्येक स्वराच्या शेवटी श्वास एकदम तोडावा, म्हणजे ‘क्वॅक’मधील अखेरचा ‘क’ स्पष्ट उमटतो.

हा एक स्वर साधेपर्यंत पुढे जाऊ नये. तो साधल्यावर पाच स्वरांची उतरती माळ घ्यावी: पहिला स्वर मोठा व लांब, पुढचा प्रत्येक थोडा आखूड व खालचा. ही हाक मादीची आहे. नराचा आवाज क्षीण व घोगरा असतो. तळ्याकाठी पहाटे बसून खऱ्या बदकांचे बोलणे ऐकावे व नंतर स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करून त्याच्याशी ताडून पाहावा. उणीव कोठे आहे ते चटकन कळते.

शेवटचा धडा थांबण्याचा, आणि नवशिक्याला तोच सर्वांत जड जातो. थवा पाठ फिरवून दूर जाऊ लागला तर साद घालावी. तो वळून आपल्याकडे येऊ लागला की शिटी खाली ठेवावी. हंगामाच्या अखेरीस बदकांनी अशा कित्येक शिट्या ऐकलेल्या असतात. अशा वेळी एक चुकीचा स्वर निघाला तरी माणूस दडून बसला आहे हे त्यांना उमगते, आणि तो थवा बहुधा उतरत नाही.