वांतीचा उगम आतड्यात

सिस्प्लॅटिन शिरेतून दिले जाते. ते जठरात जातच नाही. तरीही प्रतिबंधक उपचार नसल्यास काही तासांतच रुग्णाला उमासे येऊ लागतात, आणि पहिल्या खेपेच्या या यातनेपायी पुढची खेप नाकारणारे रुग्ण असतात. ही वांती नेमकी कोठून उद्भवते?

याचे उत्तर बराच काळ ठरलेले होते. १९५० च्या सुमारास वांग आणि बोरिसन यांनी चौथ्या व्हेंट्रिकलच्या तळाशी असलेल्या एरिआ पोस्ट्रेमाचे महत्त्व प्रयोगांनी दाखविले. तेथे रक्त व मेंदू यांमधील अडसर दुर्बल असल्याने रक्तातील विष त्या भागास थेट जाणवते. अपोमॉर्फिनच्या वांतीस हे स्पष्टीकरण पुरते. मात्र सर्वच औषधांना तोच न्याय लावला गेला, आणि याच वांग-बोरिसन यांनी मोरचुदावरील प्रयोगांत दाखविलेली जठरातील तंत्रिकांची वाट काहीशी विस्मरणात गेली.

फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याने तिची आठवण करून दिली. (उंदीर ओकू शकत नाही; प्रयोगशाळेतील हा नित्याचा सोबती येथे निरुपयोगी!) फेरेटच्या व्हेगस व स्प्लँक्निक तंत्रिका छेदल्यावर सिस्प्लॅटिनची तीव्र वांती थांबते. औषध रक्तात तितकेच असते. तुटलेला असतो तो आतड्याचा निरोप.

शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असते, तेही मुख्यतः श्लेष्मल आवरणातील एंटरोक्रोमाफिन पेशींत. सिस्प्लॅटिनमुळे या पेशी ते सोडतात. लगतच्या व्हेगस तंतूंवरील ५-एचटी-३ ग्राहक त्यामुळे उद्दीपित होतात आणि संदेश मेंदूच्या देठातील न्यूक्लिअस ट्रॅक्टस सॉलिटेरिअसमध्ये पोहोचतो. आपण व्हेगसला जठराकडे आज्ञा नेणारी तंत्रिका म्हणून शिकतो. वस्तुतः तिचे बहुसंख्य तंतू उलट दिशेने, इंद्रियांकडून मेंदूकडे वार्ता नेतात.

येथे मेटोक्लोप्रमाइडचे जुने कोडेही सुटते. नेहमीच्या मात्रेत ते सिस्प्लॅटिनपुढे निष्प्रभ ठरे. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मोठ्या मात्रेने मात्र गुण आला. मोठ्या मात्रेत ते डोपामिनखेरीज ५-एचटी-३ ग्राहकांनाही अडविते. त्याची किंमत तरुण रुग्णांना मानेच्या व जबड्याच्या आचक्यांनी मोजावी लागे. केवळ सेरोटोनिनची वाट अडविणारे ऑन्डानसेट्रॉन १९९१ मध्ये अमेरिकेत मान्य झाले आणि हा त्रास टळला. ते सिस्प्लॅटिनच्या आधीच दिले पाहिजे. निरोप एकदा निघाल्यावर दार लावण्यात फारसा लाभ नाही.

दुसऱ्या दिवसापासूनच्या वांतीत मात्र सेरोटोनिनचा वाटा ओसरतो आणि सबस्टन्स-पी पुढे येते. तिचे एनके-१ ग्राहक मुख्यतः मेंदूच्या देठात अडवावे लागतात. त्यासाठीचे ॲप्रेपिटंट २००३ मध्ये मान्य झाले. तेही डेक्सामिथासोनसह पहिल्याच दिवसापासून द्यावयाचे असते. तिसऱ्या दिवशी रुग्ण ओकतो म्हणून ऑन्डानसेट्रॉनच्या गोळ्या वाढवीत जाण्याचा मोह आवरावा. त्याने मलावरोध होतो, आणि तुंबलेले आतडे स्वतःच पुन्हा मळमळ उत्पन्न करते. अशा रुग्णाच्या पोटावर हात ठेवून, शौचास कधी झाले होते, हे आधी विचारावे.