वायफाय अडॅप्टर आणि रास्पबेरी पाय: दोष शोधण्याचा क्रम

रास्पबेरी पायवरचा वायफाय अडॅप्टर चालेनासा झाला की पहिला संशय पासवर्डवर जातो, दुसरा राउटरवर, आणि मग कार्डावर सिस्टीम नव्याने टाकण्याची घाई होते. यात वेळ जातो आणि दोष बहुधा जागच्या जागी राहतो. अनुभवाने ठरलेला क्रम वेगळा आहे: आधी वीज, मग अडॅप्टरची ओळख, मग ड्रायव्हर आणि सर्वांत शेवटी पासवर्ड.

२०१२ साली आलेल्या पहिल्या रास्पबेरी पायमध्ये वायफाय नव्हते. ते बोर्डावरच मिळू लागले २०१६ च्या मॉडेल ३ पासून. त्याआधीच्या बोर्डांना यूएसबी अडॅप्टर लावावाच लागतो, आणि विजेची अडचण तिथेच जास्त येते. अडॅप्टर माहिती पाठवताना जास्त करंट ओढतो. मोबाइलचा जुना चार्जर आणि लांब, बारीक केबल असेल तर बोर्डापर्यंत पुरते ५ व्होल्ट पोचत नाहीत. लक्षण ठरलेले असते: नेटवर्कची यादी दिसते, जोडणीही होते, पण मोठी फाइल उतरवायला घेतली की अडॅप्टर गायब. बी प्लस ते मॉडेल ३ या बोर्डांवर दाब साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की लाल दिवा विझतो. तो लुकलुकत असेल तर पुढची तपासणी थांबवून आधी चांगला पॉवर सप्लाय, आखूड केबल किंवा स्वतःचा वीजपुरवठा असलेला यूएसबी हब लावावा.

यानंतर 'एलएसयूएसबी' ही कमांड चालवावी. यादीत अडॅप्टर नसेलच, तर पोर्ट बदलून आणि दुसऱ्या संगणकावर लावून पाहावे. यादीत तो सीडी ड्राइव्ह म्हणून दिसला, तर गोंधळून जाऊ नये. काही अडॅप्टर विंडोजचा ड्रायव्हर पोटातच घेऊन येतात आणि सुरुवातीला सीडी असल्याचे सोंग घेतात. 'यूएसबी-मोडस्विच' हे पॅकेज त्यांना मूळ रूपात आणते. खोक्यावरच्या नावावर विसंबू नये. टीपी-लिंकच्या डब्ल्यूएन७२२एन या एकाच नावाच्या अडॅप्टरच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप होती, पुढच्या आवृत्त्यांत रिअलटेकची. ड्रायव्हर चिपवरून ठरतो, म्हणून यादीतला ओळख क्रमांक टिपून ठेवावा.

मग 'डीमेसेज'मधल्या शेवटच्या ओळी वाचाव्यात. फर्मवेअर लोड होताना उणे २ ही चूक दिसली तर अर्थ सरळ आहे: फाइल जागेवर नाही. चिपच्या नावाचे फर्मवेअर पॅकेज टाकले की काम होते. तेवढ्यापुरते इंटरनेट लॅन केबलने किंवा फोनच्या यूएसबी टेदरिंगने मिळवता येते. ड्रायव्हर बाहेरून आणून कंपाइल केलेला असेल तर कर्नल अपडेट झाल्यावर तो बंद पडू शकतो. असा ड्रायव्हर 'डीकेएमएस'मार्फत बसवावा, म्हणजे नव्या कर्नलसाठी तो आपोआप पुन्हा तयार होतो.

ड्रायव्हर ठीक असूनही नेटवर्क दिसत नसेल तर 'आरएफकिल लिस्ट' पाहावी. सॉफ्ट ब्लॉक 'येस' असेल तर 'रास्पी-कॉन्फिग'मध्ये वायफायचा देश निवडलेला आहे का, हे तपासावे. थोडा वेळ काही न केल्यास बोर्ड उत्तर देईनासा होत असेल तर दोष अडॅप्टरच्या वीजबचतीचा असू शकतो. आरटीएल८१८८सीयूएस ही चिप यासाठी प्रसिद्ध आहे, आणि ड्रायव्हरच्या पर्यायांत वीजबचत बंद करणे हा त्यावरचा उपाय. मॉडेल ४ वर निळ्या यूएसबी ३ पोर्टला हार्ड डिस्क जोडल्यावर वायफाय मंदावले तर डिस्क दूर सरकवावी किंवा ५ गिगाहर्ट्झचे नेटवर्क वापरावे, कारण यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो.

पासवर्डची पाळी यानंतर. रास्पबेरी पायच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या ऑक्टोबर २०२३ मधल्या बुकवर्म आवृत्तीपासून जोडणीचे काम नेटवर्क मॅनेजर पाहतो. जुन्या लेखांत सांगितलेली 'डब्ल्यूपीए सप्लिकंट'ची फाइल तिथे बदलून बहुधा काही होत नाही. 'एनएमटीयूआय' उघडून नेटवर्क निवडावे आणि पासवर्ड पुन्हा भरावा.

एका वेळी एकच बदल करावा आणि तो लिहून ठेवावा. नवा अडॅप्टर घेताना मात्र किमतीआधी चिप विचारावी. जिचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे, ती चिप थोडी महाग पडली तरी घ्यावी.