वाकडी बरगडी

कोल्हापुरास समुद्र नाही. पंचगंगेचे पाणी पूर्वेकडे वाहत जाते, नरसोबाच्या वाडीस कृष्णेला मिळते आणि अखेर बंगालच्या उपसागरास पोहोचते. सह्याद्रीपलीकडच्या अरबी समुद्राशी त्याची गाठ पडत नाही. असे असूनही कोल्हापूरच्या इतिहासात आरमाराला स्थान आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ साली मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची उभारणी आरंभिली. पुढे हा जलदुर्ग कोल्हापूरच्या छत्रपतींकडे आला. १७६५ साली इंग्रजांनी तो घेतला, परंतु पुढच्याच वर्षी त्यांना तो परत करावा लागला. १८१२ च्या तहाने मालवण इंग्रजांकडे जाईपर्यंत त्या किनाऱ्यावर कोल्हापूरकरांची गलबते फिरत असत.

त्या काळच्या मराठी आरमारात गुराब आणि गलबत ही दोन प्रमुख जहाजे होती. गुराब मोठी, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची असे. गलबत लहान आणि चपळ असे. वारा पडला म्हणजे ते वल्ह्यांवर चाले आणि प्रसंगी गुराबेला ओढूनही नेई. दोन्ही जहाजांचा तळ उथळ असल्यामुळे शत्रूची अवजड जहाजे ज्या खाडीत शिरू शकत नसत, तेथे ही सहज शिरत.

हे सारे मी एके दिवशी माझ्या नातवास सांगितले. तो सातवीत होता. इतिहासाच्या या गोष्टीने त्याला असे वेड लावले, की वाढदिवसाला त्याने दुसरे काही न मागता लाकडी गलबताच्या प्रतिकृतीचा संच मागितला. खोक्यात पातळ लाकडाच्या सात बरगड्या, एक लांब कणा, काडीसारख्या अरुंद फळ्यांचा जुडगा, डोलकाठ्या आणि शिडाचे कापड होते. गलबताच्या कण्यास कोकणातील कारागीर ‘पठाण’ म्हणतात. त्या पठाणावर बरगड्या उभ्या करावयाच्या आणि बरगड्यांवर फळ्या चिकटवीत जावयाचे, अशी ती रचना होती. पुरे झालेले गलबत ५० सेंटीमीटर लांबीचे व्हावयाचे होते. वीस मीटर लांबीच्या खऱ्या गलबताची ती एक चाळीसांश प्रतिकृती होती.

तीन आठवडे तो शाळेतून आला की गलबतापाशीच बसे. शेवटची फळी चिकटली, व्हार्निशचा एक हात देऊन झाला, आणि मोठ्या उत्सुकतेने त्याने गलबत परसातील हौदात सोडले. ते तरंगले खरे, पण हलकेच ढकलताच सरळ न जाता डावीकडे वळून हौदाच्या भिंतीवर आपटले. पुन्हा ढकलले, पुन्हा तेच झाले. त्याने गलबत उचलून उन्हात धरले. बाजू कलिंगडासारखी गुळगुळीत असावयास हवी होती. परंतु दोन बरगड्यांच्या मधे फळ्या आत बसल्या होत्या आणि एका ठिकाणी उजवी कूस उघडच फुगलेली होती.

“आजोबा, दहा दिवसांवर शाळेचे प्रदर्शन आहे,” तो म्हणाला. “खळग्यांत लांबी भरतो, घासतो आणि वर काळा रंग देतो. कुणाला काही दिसणार नाही.”

मी त्याला नाही म्हटले नाही. एवढेच म्हणालो, “सुतारमामांना एकदा दाखव, मग तुझे तू ठरव.”

आमच्या गल्लीतले सुतारमामा मूळचे मालवणचे. त्यांच्या वडिलांनी किनाऱ्यावर होड्या बांधल्या होत्या. मामांनी गलबत हातात घेतले, एक डोळा मिटून नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, पाहिले आणि एक लवचीक, सरळ पट्टी त्याच्या कुशीवर वाकवून धरली.

“पट्टी खोटे बोलत नाही,” ते म्हणाले. “बघ, दुसऱ्या नि चौथ्या बरगडीला ही टेकायला हवी. मधली तिसरी तिला उचलून धरते आहे. म्हणजे तिसरी उजवीकडे जास्त आहे. आणि इथे पाचवीजवळ फट राहते; ती बरगडी कमी पडली. लांबी भरशील तर बाहेरून गोल दिसेल. पण वाकडेपण आत आहे, बाळा.”

“मग काय करू?”

“फळ्या काढाव्या लागतील.”

नातू काही बोलला नाही. तीन आठवड्यांचे काम त्याच्या मांडीवर होते. त्या रात्री तो लवकर झोपला नाही, हे मला दिव्याच्या उजेडावरून कळले. सकाळी पाहतो तो, त्याने गरम पाण्यात भिजवलेली फडकी गलबतावर गुंडाळून ठेवली होती आणि चिकटवण मऊ होताच एकेक फळी तो सोडवून घेत होता. निम्म्या फळ्या तुटल्या. त्याचे डोळे भरून आले होते, पण हात थांबला नव्हता.

आता खरी दुरुस्ती सुरू झाली. प्रथम त्याने पुठ्ठ्याचा साचा कापला. बरगडीच्या डाव्या अर्ध्या भागावर तो बेताचा बसवला आणि मग उलटा करून उजव्या भागावर ठेवला. तिसरी बरगडी उजवीकडे तीन मिलिमीटर जास्त निघाली. ती त्याने कानशीने घासली. पाचव्या बरगडीच्या कडेला लाकडाची बारीक पट्टी चिकटवून तिची उणीव भरून काढली. जेथे उंच तेथे घासावे, जेथे खोल तेथे भरावे, आणि प्रत्येक वेळी पट्टी लावून पाहावे, असा मामांचा नियम होता.

दुसरा दोष संचाच्या रचनेतच होता. बरगड्या एकमेकींपासून सुमारे सात सेंटीमीटर दूर होत्या, आणि फळ्या अवघ्या एक मिलिमीटर जाडीच्या. एवढ्या अंतरात आधार नसल्यामुळे त्या आत दबत. यावर मामांनी पांगाऱ्याचे लाकूड सुचवले. पांगारा हलका आणि मऊ असतो. सावंतवाडीची रंगीत खेळणी पूर्वापार याच लाकडाची होत. नाळेकडच्या आणि मागच्या टोकाकडच्या बरगड्यांमध्ये, जेथे वळण तीव्र होते तेथे, पांगाऱ्याचे ठोकळे बसवले. ते पटाशीने तासून, काचपेपरने घासून बरगड्यांच्या कडांशी एकसारखे केले. आता फळीला टेकावयास सलग पाठ मिळाली.

फळ्या लावण्याची रीतही बदलली. जहाजाचा घेर मध्यभागी मोठा असतो आणि टोकांकडे कमी होत जातो. म्हणून प्रत्येक फळी दोन्ही टोकांकडे थोडी निमुळती करावी लागते. नाही तर फळ्या एकमेकींवर चढतात. फळ्या गरम पाण्यात भिजवल्या म्हणजे न मोडता वळतात. शिवाय एक फळी डावीकडे लावली, की लगेच दुसरी उजवीकडे लावावयाची. एकच बाजू आधी पुरी केली, तर तिच्या ओढीने पठाणच पिळवटतो. तुटलेल्या फळ्यांच्या जागी मामांनी शिवणीच्या लाकडाच्या पट्ट्या कापून दिल्या.

मुलांनो, खेळण्यातल्या जहाजासाठी एवढा खटाटोप कशाला, असे तुम्हांस वाटेल. परंतु खरी जहाजे बांधणारेही असाच खटाटोप करतात. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने १८७२ साली टॉर्की येथे एक लांबच लांब हौद बांधून घेतला. त्यात तो जहाजांच्या मेणाच्या लहान प्रतिकृती ओढून पाही आणि कोणत्या आकाराला पाणी किती विरोध करते हे मोजी. त्यावरून मोठ्या जहाजाला किती विरोध होईल याचे गणित त्याने बसवले. आजही नवे जहाज बांधण्यापूर्वी त्याची प्रतिकृती अशा हौदात तपासतात.

आपल्या देशातील अलीकडचे उदाहरण याहूनही मनोरंजक आहे. अजिंठ्याच्या लेण्यांत पाचव्या शतकातील एका जहाजाचे चित्र आहे. त्यावरून तसेच जहाज पुन्हा बांधावे, असे ठरले. परंतु भिंतीवरच्या चित्राला पाठपोट नसते. आराखडा तर कोणीच ठेवलेला नव्हता. चित्र पाहून जहाजाचा आकार ठरवला गेला, आणि चेन्नईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रतिकृतीवर त्याची परीक्षा झाली. मग केरळच्या कारागिरांनी गोव्यात फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोरीने शिवून ते जहाज बांधले. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ते भारतीय नौदलात दाखल झाले. त्याचे नाव ‘कौंडिण्य’.

असो. प्रदर्शनाचा दिवस उजाडला तेव्हा गलबताची डावी बाजू पूर्ण झाली होती. उजव्या बाजूला वरच्या चारच फळ्या लागल्या होत्या आणि खाली बरगड्या उघड्या दिसत होत्या. नातवाने ते तसेच टेबलावर ठेवले आणि शेजारी पुठ्ठ्याचा साचा व पट्टी मांडली. बक्षीस दुसऱ्याच प्रतिकृतीला मिळाले. मात्र गलबत आतून कसे असते हे पाहावयास मुले त्याच्याभोवती वाकून उभी होती, आणि त्यांना बरगडी कशी तपासावी हे तो पट्टी लावून दाखवत होता.

पुढे उरलेल्या फळ्या लागल्या, आतून-बाहेरून व्हार्निशचे तीन हात झाले. हौदात गलबत सुईसारखे सरळ गेले. मग एका संध्याकाळी आम्ही ते रंकाळ्यावर नेले. घाटाच्या पायरीवर मी त्याच्याजवळ उभा राहिलो. गलबताला मागे लांब दोरा बांधून त्याने शिडे उभारली आणि ते पाण्यात सोडले. शालिनी पॅलेसच्या बाजूने वाऱ्याची एक झुळूक आली, आणि गलबत कलंडून आडवे झाले!

“आता कोणती बरगडी वाकडी?” त्याने रडवेल्या आवाजात विचारले.

बरगडी वाकडी नव्हती. चूक आमच्या विचारात होती. घरी येऊन आम्ही पाटी घेतली. प्रतिकृती खऱ्या गलबताच्या ४० पट लहान. तिच्या शिडाचे क्षेत्रफळ लांबी व रुंदी मिळून ४० गुणिले ४०, म्हणजे १,६०० पट लहान झाले. परंतु वजन लांबी, रुंदी आणि उंची या तिन्हींवर अवलंबून. ते ४० गुणिले ४० गुणिले ४०, म्हणजे ६४,००० पट लहान झाले. आमचे गलबत ६०० ग्रॅमचे होते. त्या हिशेबाने खरे गलबत सुमारे ३८ टनांचे. म्हणजे वजनाच्या मानाने पाहिले, तर आमच्या गलबताला खऱ्या गलबताच्या ४० पट शीड होते, आणि रंकाळ्यावरचा वारा काही ४० पट लहान झालेला नव्हता! आकार हुबेहूब लहान केला म्हणजे गुणही हुबेहूब उतरतात, असे नाही.

उपाय साधा होता. कलंडणाऱ्या वस्तूचा भार जितका खाली न्यावा, तितकी ती सावरते. पठाणाच्या खाली लाकडाची सहा सेंटीमीटर खोल फळी बसवून तिच्या टोकाला २५० ग्रॅमची लोखंडी पट्टी लावली. घरी टेबलावर ठेवताना ती काढून घेता येईल अशी सोय केली. खऱ्या गलबताला अशी फळी नव्हती, हे नातवाने एका चिठ्ठीवर लिहून गलबताच्या बैठकीला चिकटवले. या भाराने गलबत पाण्यात सुमारे अर्धा सेंटीमीटर अधिक बुडाले. वजन वाढले, की ते पेलण्यासाठी अधिक पाणी बाजूस सारावे लागते, हा आर्किमिडीजचा नियमच आहे.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा रंकाळ्यावर गेलो. वारा आला. गलबत कलले, क्षणभर तसेच राहिले, आणि सावरून पुढे चालू लागले. दोरा सरसर सुटत होता. तो संपला तेव्हा नातू म्हणाला, “आजोबा, लांबी भरली असती, तर हे कळलेच नसते.”

सुतारमामांची ती पट्टी अजून त्याच्या टेबलाच्या खणात आहे.

स्वाध्याय

१. कोल्हापूरचा आरमाराशी कसा संबंध होता, ते चार-पाच वाक्यांत लिहा.
२. ‘पट्टी खोटे बोलत नाही,’ असे सुतारमामा का म्हणाले?
३. कारणे द्या :
(अ) डाव्या व उजव्या बाजूच्या फळ्या आळीपाळीने लावाव्या लागतात.
(आ) रंकाळ्यावर गलबत प्रथम कलंडले.
४. एका जहाजाची प्रतिकृती मूळ जहाजाच्या १० पट लहान आहे. तिचे शीड किती पट लहान होईल? वजन किती पट लहान होईल?
५. अपुरे गलबत प्रदर्शनात मांडण्याचा नातवाचा निर्णय तुम्हांला योग्य वाटतो काय? आपले मत सकारण लिहा.
६. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : खटाटोप, हुबेहूब, निमुळता, सावरणे.