डोळ्यात थेंब, छातीत घरघर

देवळाली कॅम्पची हवा छातीच्या माणसांना मानवते, हा जुना लौकिक. लॅम रोडच्या बाजूची पारशी-गुजराती सॅनिटोरियमं त्याच भरवशावर उभी राहिली. आमचे घरमालक काकाही दम्यापायी मुंबई सोडून इथे आले आणि एका पंपावर बरी वर्षं काढली.

मग काचबिंदू निघाला. थेंब सुरू झाले आणि आठवड्याच्या आत रात्रीची घरघर वाढली. थंडीचे दिवस, म्हणून सगळ्यांनी खापर थंडीवर फोडलं. बी.एस्सी. नर्सिंगच्या ॲडल्ट हेल्थच्या विषयात माझे तेव्हा डोळ्यांचे विकारच चालू होते. बाटली हातात घेतली. टिमोलोल, ०.५ टक्के. काकांची नाडी पाहिली, तर पन्नाशीच्याही खाली. लगेच दवाखान्यात नेलं. औषध बदललं आणि श्वास मोकळा झाला. दम्याचं आधी सांगितलं नव्हतं का, असं विचारल्यावर काका म्हणाले, “डोळ्याच्या डॉक्टरला छातीचं कशाला सांगायचं?”

टिमोलोल हे बीटा ब्लॉकर. ते डोळ्यातला दाब उतरवतं, पण थेंबाचा काही भाग अश्रुनलिकेतून नाकात आणि तिथून थेट रक्तात जातो. मग दमेकऱ्याच्या श्वासनलिका आवळतात, हृदयाचे ठोके मंदावतात.

म्हणून नर्सिंगच्या मुलामुलींनो, डोळ्याचा धडा सुटा पाठ करू नका. थेंब घालण्याआधी दमा, हृदयविकार विचारा, नाडी मोजा. खालची पापणी ओढून एकच थेंब टाका, डोळा मिटायला सांगा आणि नाकालगतचा कोपरा दोन मिनिटं हलका दाबून धरा. दुसरं औषध पाच मिनिटांनी. मधुमेहाच्या रुग्णाला पडदा वर्षातून एकदा तपासायला पाठवा. स्टेरॉइड बराच काळ घेणाऱ्याला मोतीबिंदू आणि काचबिंदू दोन्ही होऊ शकतात. अचानक डोळा लाल, डोकं ठणकतंय, उलट्या आणि दिव्याभोवती रंगीत कडी, असं असेल तर ते पित्त समजू नका. त्याच घटकेला नेत्रतज्ज्ञांकडे न्या.

रुग्णांनो, नेत्रतज्ज्ञांकडे जाताना सगळ्या गोळ्या आणि पंप पिशवीत घालून न्या. थेंबांनी त्रास झाला, तर तडक डॉक्टर गाठा आणि औषध बदलून घ्या. परस्पर बंद करून घरी बसू नका. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही.